साथीला : हँक गार्लंड

गिरगावातल्या खोताच्या वाडीला लागूनच आमची चाळ होती. डिसेंबर उजाडला की वाडीतल्या ख्रिस्ती घरांवर कागदाच्या चांदण्या लागायच्या, नेवऱ्या-कुलकुलांची झाकलेली ताटं आमच्याकडे यायची आणि आमच्या गॅलरीसमोरच्या घरात रेडिओग्रामवर संध्याकाळभर तबकड्या वाजायच्या. त्या घरातल्या आंटीचा लाडका गायक एकच, जिम रीव्ह्ज. त्याचं ‘हील हॅव टू गो’ हे गाणं तर इतक्या वेळा कानावर पडायचं, की इंग्रजीचा गंध नसलेली आमची आजीसुद्धा भाजी निवडताना त्याची चाल गुणगुणायची.

माझे एक मामा संगीत नाटकांना तबल्याची साथ करायचे. मी शाळेत होतो तेव्हा एका नाताळात ते आमच्याकडे मुक्कामाला आले होते. संध्याकाळी गॅलरीत बसून त्यांनी ते गाणं दोनदा ऐकलं. गायकाकडे त्यांचं फारसं लक्षच नव्हतं. मागं गिटार कोण वाजवतंय ते विचारून ये, म्हणून त्यांनी मला समोर पिटाळलं. आंटीनं मोठ्या कौतुकानं तबकडीचं कव्हर आणून दाखवलं. पुढच्या बाजूला जिम रीव्ह्जचा हसरा फोटो, मागं गाण्यांची यादी. वाजवणाऱ्यांची नावं कुठंच नव्हती. मामा त्यावर काही बोलले नाहीत. त्यांच्या नाटकांच्या जाहिरातीत निदान शेवटच्या ओळीत, बारीक टाइपात का होईना, तबला साथ म्हणून त्यांचं नाव छापलं जायचं.

मामांच्या त्या प्रश्नाचं उत्तर सापडायला मला तीसेक वर्षं लागली. नव्वदीत जुनी गाणी सीडीवर आली आणि त्यांच्याबरोबर जाडजूड पुस्तिका येऊ लागल्या. कोणतं गाणं कुठल्या तारखेला, कुठल्या स्टुडिओत मुद्रित झालं, कोणी काय वाजवलं, याच्या नोंदी त्यात असत. तशा एका नोंदीत मला ते गाणं भेटलं. १५ ऑक्टोबर १९५९, नॅशव्हिल. पियानोवर फ्लॉइड क्रेमर, व्हायब्राफोनवर मार्विन ह्यूज, बासवर बॉब मूर, ड्रमवर बडी हार्मन. आणि गिटारवर हँक गार्लंड.

तेव्हा मामा हयात नव्हते. पण त्यांच्या वतीनं मी या माणसाच्या मागं लागलो आणि थक्क झालो. लहानपणापासून जी पाश्चात्त्य गाणी कानावर पडत आली होती, त्यातल्या कितीतरी गाण्यांमागं हाच एक हात होता.

वॉल्टर लुई ऊर्फ हँक गार्लंड याचा जन्म ११ नोव्हेंबर १९३० रोजी अमेरिकेत दक्षिण कॅरोलायना राज्यातल्या काऊपेन्स या छोट्या गावी झाला. स्पार्टनबर्गच्या आसपासचा हा सगळा मुलूख कापडगिरण्यांचा. भोंग्यावर उठायचं, पाळ्या करायच्या, रविवारी चर्चला जायचं. करमणूक म्हणजे रेडिओ आणि घरातलं एखादं वाद्य. डोंगराळ भागातल्या शेतकऱ्यांची आणि मजुरांची गाणी या रेडिओनं घरोघर पोचवली होती. फिडल, बँजो आणि गिटारवरच्या या संगीतालाच पुढे कंट्री म्युझिक म्हणू लागले.

त्या काळी कार्टर कुटुंबाची गाणी रेडिओवर गाजत होती. त्या घरातली मेबेल कार्टर अंगठ्यानं गिटारच्या जाड तारांवर चाल वाजवायची आणि त्याच हाताच्या बोटानं बारीक तारांवर ठेका धरायची. म्हणजे पेटी आणि तबला एकाच हाती. लहानग्या हँकला या वादनानं वेड लावलं आणि सहाव्या वर्षीच त्यानं गिटार हाती घेतली.

चौदा वर्षांचा असताना एका दुकानात पॉल हॉवर्ड नावाच्या बँडवाल्यानं त्याला ऐकलं आणि नॅशव्हिलला बोलावून घेतलं. नॅशव्हिल म्हणजे कंट्री संगीताची पंढरी. तिथं दर शनिवारी रात्री ‘ग्रँड ओल ऑप्री’ हा कार्यक्रम रेडिओवरून थेट प्रसारित व्हायचा. १९२५ साली सुरू झालेला हा कार्यक्रम अजूनही चालू आहे. त्याच्या रंगमंचावर हा पोरगा उभा राहिला आणि लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं. पण कोवळ्या वयाच्या मुलांना कामाला लावण्याविरुद्धचे नियम आड आले. हिरमुसलेला हँक गावी परतला आणि सोळा पुरी होताच पुन्हा नॅशव्हिलला हजर झाला.

१९४९ साली त्यानं ‘शुगरफूट रॅग’ ही स्वतःची धून मुद्रित केली. या ‘रॅग’चा आपल्या रागाशी काही संबंध नाही. ठेक्याला हुलकावणी देत धावणाऱ्या एका अमेरिकन नाचऱ्या संगीतप्रकाराचं ते नाव. पाठोपाठ रेड फोली या लोकप्रिय गायकानं त्या धुनेवर गाणं केलं आणि १९५० मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलेल्या आपल्या एका तबकडीच्या दुसऱ्या बाजूला ते घातलं. लाखो घरांत ती तबकडी गेली. एकोणिसाव्या वर्षी गार्लंडला ‘शुगरफूट’ हे टोपणनाव कायमचं चिकटलं.

आता कोणाला वाटेल, की पुढे त्यानं स्वतःचा बँड काढला असेल, दौरे केले असतील. तसं झालं नाही. तो स्टुडिओत गेला आणि साथीदार झाला.

या साथीदारांच्या कामाची पद्धत मुद्दाम सांगण्यासारखी आहे. नॅशव्हिलच्या सोळाव्या अ‍ॅव्हेन्यूवर ओवेन आणि हॅरॉल्ड या ब्रॅडली बंधूंचा स्टुडिओ १९५५ च्या सुमाराला सुरू झाला. एका घराला जोडलेली ती अर्धगोल पत्र्याची शेड होती. १९५७ साली जवळच आरसीए कंपनीनं आपला स्टुडिओ बांधला. या दोन ठिकाणी दहा-पंधरा वादकांचा एकच ताफा आळीपाळीनं वाजवायचा. गायक बदलत, कंपन्या बदलत, ताफा तोच. एक सेशन तीन तासांचं. सकाळी दहाला पहिलं, मग दुपारी दोनला, संध्याकाळी सहाला, रात्री दहाला. तीन तासांत तीन-चार गाणी संपवायची. कामाची गर्दी असली की दिवसात चारही सेशन व्हायची.

आपल्याकडे सिनेसंगीतात अरेंजर प्रत्येकाच्या पुढ्यात नोटेशन ठेवतो. इथं बहुधा कागदच नसायचा. गाणं एकदा ऐकवलं जाई आणि वादक आपापसांत ठरवत, की सुरुवात कोणी करायची, मध्ये कोणी भरायचं. फार तर एखाद्या चिठोऱ्यावर आकडे लिहायचे. कोणत्या जागी कोणता स्वरमेळ येणार हे १, ४, ५ अशा आकड्यांनी मांडायची युक्ती एल्विसला कोरसची साथ करणाऱ्या नील मॅथ्यूज यानं पन्नाशीच्या दशकात रूढ केली. गायकाला पट्टी चढी वाटली तर आकडे तेच राहतात, फक्त १ कुठला ते बदलायचं. आपला सा जसा गायकाच्या सोयीनं सरकतो आणि सरगम तीच राहते, तसंच हे. मला हे कळलं तेव्हा मामांची फार आठवण झाली. त्यांना हे एका वाक्यात उमगलं असतं.

मोबदला सेशनमागे ठरलेला. तबकडी दहा लाख खपली तरी वादकाला त्यातला वाटा नसायचा. आणि नाव? ते तर कव्हरवर येतच नसे. आपल्या हिंदी चित्रपटगीतांच्या तबकड्यांवरही वादकांची नावं सहसा नसायची. म्हणून या व्यवहाराचं आपल्याला नवल वाटू नये.

याच स्टुडिओंत तेव्हा एक मोठा बदल घडत होता. रॉक अँड रोलच्या लाटेत कंट्रीच्या तबकड्यांचा खप घसरला होता. म्हणून चेट अ‍ॅटकिन्स आणि ओवेन ब्रॅडली या निर्मात्यांनी फिडलची कुरकुर बाजूला केली आणि हळुवार पियानो, मंद कोरस, मृदू गिटार असा नवा पेहराव चढवला. गावाकडचं गाणं शहरी दिवाणखान्यात शोभू लागलं. जिम रीव्ह्जचं ते गाणं याच घाटाचं. ते पुन्हा ऐकून पाहा. गार्लंडची गिटार त्यात पुढे पुढे करत नाही. टेलिफोनवर हलक्या आवाजात बोलणाऱ्या प्रियकराचं ते गाणं आहे, हे ओळखून ती मागं राहते. ज्याच्या बोटांत वाऱ्याचा वेग होता, त्यानं इथं हात राखला. मामांच्या कानानं नेमकं हेच टिपलं असणार. साथ करणाऱ्यालाच साथीतला संयम ऐकू येतो.

पण गरज असेल तिथं हाच माणूस गाण्याचं दार उघडून द्यायचा. बॉबी हेल्म्सचं १९५७ चं ‘जिंगल बेल रॉक’ आठवा. सुरुवातीला गिटारचे घुंगुरवाळे स्वर येतात आणि गायकानं तोंड उघडायच्या आत गाणं ओळखू येतं. ते स्वर गार्लंडचे. या गाण्याचे रचनाकार म्हणून दुसऱ्याच दोघांची नावं नोंदली गेली आहेत. त्याला आजचं रूप आपण दिलं, असं हेल्म्स आणि गार्लंड दोघंही सांगत राहिले. कागदोपत्री मात्र त्यांचं नाव लागलं नाही.

१९५८ साली तेरा वर्षांच्या ब्रेंडा लीनं ‘रॉकिन अराउंड द ख्रिसमस ट्री’ गायलं, तिथंही गिटारवर तो होता. रॉय ऑर्बिसनचं ‘ओन्ली द लोनली’, पॅट्सी क्लाइनचं ‘आय फॉल टू पीसेस’, तिथंही तोच. १९६० च्या मार्चमध्ये लष्करातून परतलेला एल्विस प्रिस्ले नॅशव्हिलच्या स्टुडिओत गायला उभा राहिला, तेव्हाही साथीदारांत गार्लंड होता. ‘आर यू लोनसम टुनाइट’ हे गाणं एल्विसनं भल्या पहाटे, स्टुडिओतले दिवे घालवून गायलं. जून १९६१ मध्ये ‘लिटल सिस्टर’च्या वेळी त्याला वेगळाच, करकरीत आवाज हवा होता. गार्लंडनं सहकारी हॅरॉल्ड ब्रॅडलीकडून त्याची फेंडर गिटार मागून घेतली आणि तो जगप्रसिद्ध तुकडा वाजवला. मागून आणलेल्या वाद्यावर!

वाद्याचीही एक गोष्ट आहे. १९५५ साली गिब्सन कंपनीनं नव्या गिटारसाठी बिली बर्ड आणि हँक गार्लंड या दोन वादकांचा सल्ला घेतला. पोकळ गिटारचा गोडवा हवा, पण तिचं धूड नको, असं त्यांचं म्हणणं पडलं. कंपनीनं पातळ पोटाची, आखूड तारांची गिटार घडवली. बोटांना लांब लांब ताण द्यावा लागत नसल्यानं अवघड स्वरमेळ सहज हाती येऊ लागले. बर्ड आणि गार्लंड या नावांची संधी करून तिला बर्डलँड म्हटलं गेलं. ज्याचं नाव तबकड्यांवर येत नव्हतं, त्याचं अर्धं नाव असं एका वाद्यावर कोरलं गेलं.

मन भरेल असं संगीत मात्र तो दिवसभराचं काम संपल्यावर वाजवायचा. नॅशव्हिलच्या प्रिंटर्स अ‍ॅली या गल्लीतल्या क्लबात रात्री जाझची बैठक जमायची. जाझमध्ये मूळ चाल एकदा मांडायची आणि मग तिथल्या तिथं सुचेल तसा विस्तार करायचा. आपल्या मैफलीचाच बाज. तीन मिनिटांच्या गाण्यात दिवसभर कोंडलेला गार्लंड तिथं मोकळा व्हायचा.

१९६० च्या उन्हाळ्यात त्याला एक जोडीदार मिळाला. गॅरी बर्टन, वय वर्षं सतरा, नुकताच शाळेतून बाहेर पडलेला, व्हायब्राफोन वाजवणारा. त्या जुलैत नॅशव्हिलचे हे साथीदार न्यूपोर्टच्या प्रख्यात जाझ महोत्सवात वाजवायला निघाले. पण तिकिटं न मिळालेल्या तरुणांनी गावात दंगल केली आणि महोत्सवच आवरता घ्यावा लागला. तेव्हा मंडळींनी मुक्कामाच्या बंगल्याच्या व्हरांड्यातच वाद्यं मांडली आणि तिथलं वादन मुद्रित केलं. ‘आफ्टर द रायट अ‍ॅट न्यूपोर्ट’ नावानं ती तबकडी निघाली.

पाठोपाठ ऑगस्टमध्ये गार्लंडनं आपली तबकडी मुद्रित केली, ‘जाझ विंड्स फ्रॉम अ न्यू डायरेक्शन’. व्हायब्राफोनवर बर्टन, बासवर जो बेंजामिन आणि ड्रमवर जो मोरेलो. हा मोरेलो आपल्या ओळखीचा. १९५८ साली डेव्ह ब्रुबेक यांचा चौकडीचा संच भारतात आला आणि मुंबईतही वाजवून गेला, तेव्हा ड्रमवर तोच होता. कोलंबिया कंपनीनं १९६१ मध्ये तबकडी बाजारात आणली. इथं गार्लंड कोणाच्या साथीला नव्हता. तोच मुख्य होता, आणि नावही त्याचंच होतं. कंट्रीच्या साथीदाराकडून असं वादन कोणी अपेक्षिलं नव्हतं. जॉर्ज बेन्सनसारख्या पुढच्या पिढीतल्या मोठ्या गिटारवादकानंही या तबकडीचा आपल्यावरचा प्रभाव सांगितला आहे.

१९६१ चा ऑगस्ट उजाडला तेव्हा पॅट्सी क्लाइनचं गाणं कंट्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोचलं होतं. एल्विसचं ‘लिटल सिस्टर’ बाजारात येत होतं. त्याची स्वतःची जाझची तबकडी दुकानात होती. वय तीस.

८ सप्टेंबर १९६१ रोजी नॅशव्हिलच्या उत्तरेला स्प्रिंगफील्ड गावाजवळ त्याची मोटार रस्ता सोडून उलटली. गार्लंड बाहेर फेकला गेला, डोक्याला जबर इजा झाली आणि तो दीर्घकाळ बेशुद्ध राहिला. त्या आठवड्यांत अमेरिकेतल्या रेडिओ केंद्रांवरून ‘लिटल सिस्टर’ वाजत होतं. त्याची गिटार लाखो लोक ऐकत होते आणि त्याला मात्र काहीच ऐकू येत नव्हतं.

शुद्ध आली, पण हँक गार्लंड पहिल्यासारखा राहिला नाही. इस्पितळात त्याच्यावर विजेचे झटके देण्याचे उपचार झाले. चालायला, बोलायला, गिटार धरायला त्याला नव्यानं शिकावं लागलं. संसार मोडला. तो आईवडिलांकडे दक्षिण कॅरोलायनात परतला. सहाव्या वर्षी जिथं पहिला स्वर काढला होता, तिथंच आता पुन्हा एकेक स्वर शोधायचा होता. गिटार त्यानं सोडली नाही. पुढे नॅशव्हिलच्या एका मेळाव्यात रंगमंचावर येऊन त्यानं ‘शुगरफूट रॅग’ वाजवून दाखवली. पण कोणतंही गाणं समोर आलं तरी क्षणात त्याचा नूर ओळखायचा, ही जी साथीदाराची खरी पुंजी, ती परत आली नाही. स्टुडिओतलं काम कायमचं सुटलं.

स्टुडिओतलं काम अर्थातच थांबलं नाही. त्याच्या खुर्चीवर दुसरा वादक बसला आणि सकाळी दहाचं सेशन दहालाच सुरू होत राहिलं. साथीदाराच्या पेशाचं हेच कठोर रूप आहे. गायक गेला की वर्तमानपत्रांचे रकाने भरतात. पॅट्सी क्लाइन १९६३ मध्ये आणि जिम रीव्ह्ज १९६४ मध्ये विमान अपघातात गेले, तेव्हा त्यांचे चाहते धाय मोकलून रडले. गार्लंडचा हात गेला तेव्हा ऐकणाऱ्यांना पत्ताही लागला नाही. गाणी तर चालूच होती.

अपघातानंतर तो तब्बल ४३ वर्षं जगला. शेवटची वर्षं फ्लोरिडात गेली, भावानं सांभाळ केला. २७ डिसेंबर २००४ रोजी, वयाच्या ७४ व्या वर्षी, ऑरेंज पार्क इथं त्याचं निधन झालं. नाताळ नुकताच होऊन गेला होता. २००८ मध्ये त्याच्या आयुष्यावर बेतलेला ‘क्रेझी’ नावाचा चित्रपट आला. गॅरी बर्टन पुढे जाझमधला जगन्मान्य वादक आणि शिक्षक झाला. आणि डिसेंबर २०२३ मध्ये एक अजब घडलं. ब्रेंडा लीचं ते १९५८ चं नाताळगीत ६५ वर्षांनी अमेरिकेच्या मुख्य लोकप्रियता यादीत पहिल्या क्रमांकावर पोचलं. ब्रेंडाबाईंचे फोटो जगभर छापून आले. गिटार कोणाची, हे फार थोड्यांनी विचारलं असेल.

गार्लंडविषयी हळहळताना जाणकार त्या जाझच्या तबकडीकडे बोट दाखवतात. अपघात झाला नसता तर हा माणूस कुठल्या कुठं पोचला असता, असं त्यांना वाटतं. ते खरंही असेल. पण त्यामागे असाही एक समज असतो, की स्टुडिओतली साथ म्हणजे पोटापाण्याची हमाली आणि खरं संगीत रात्रीच्या क्लबातलं. मला ते पटत नाही. जिम रीव्ह्जच्या मागं दोन स्वर कमी वाजवायला जी समज लागते, तीही संगीताचीच. आमच्या मामांनी चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या नाट्यपदांना ठेका धरला. गवयाला टाळी मिळाली की त्यांचाही चेहरा उजळायचा आणि त्यात खोटं काही नव्हतं. मात्र साथीदाराला साथीत समाधान होतं, म्हणून त्याचं नाव गाळायची मोकळीक कोणाला मिळत नाही. त्याच्या संयमाचा तो गैरफायदाच झाला.

खोताच्या वाडीतली बरीच जुनी घरं आता पडली. आंटी गेल्या, रेडिओग्राम गेला. तरी डिसेंबरात मॉलमध्ये नातवाला घेऊन गेलो की कुठल्यातरी कोपऱ्यातून ‘जिंगल बेल रॉक’चे ते पहिले स्वर येतात. गेल्या वर्षी मी त्याला थांबवून ते ऐकवले आणि वाजवणाऱ्याचं नाव सांगितलं. त्यानं ते घोकलं आणि सरकत्या जिन्यावर पोचेपर्यंत विसरलाही. यंदा पुन्हा सांगेन.